अण्णांचा डबा

आमच्या घरी दिवाळीची पहिली ठिणगी फुलबाजीची नसे. ती अण्णांच्या डब्यावरून उडे. पत्र्याचा हा जुना बिस्किटांचा डबा. आत स्टोव्हच्या पिना, वॉशर, नळाच्या चकत्या, छत्रीच्या काड्या. साफसफाई निघाली की आई तो दाराबाहेर ठेवी आणि अण्णा मुकाट्याने परत आत आणीत.

"अहो, हे भंगार कशाला?"

"अगं, भंगार नव्हे. सुटे भाग आहेत."

एका वर्षी ऐन चकल्यांच्या घाण्याला स्टोव्हचा पंप बसला. अण्णांनी डब्यातून चामड्याचा वॉशर शोधला, त्याला खोबरेल चोळले आणि पाच मिनिटांत स्टोव्ह फुरफुरू लागला. तेव्हापासून डब्याला अभय मिळाले.

अण्णा मुंबईच्या नौदल गोदीत, सुट्या भागांच्या कोठारात कारकून होते. सोव्हिएत संघातील निकोलायेव्ह येथे बांधलेली 'राजपूत' ही क्षेपणास्त्रवाहू विनाशिका ४ मे १९८० रोजी पोती बंदरात आपल्या नौदलात दाखल झाली. मग तिच्या भागांच्या पेट्या अण्णांच्या पुढ्यात येऊ लागल्या. चिठ्ठ्या रशियन! अण्णा चाळिशीत मुळाक्षरे गिरवू लागले. "अरे, ह्यांचा दिसतो तो 'पी', आणि वाचायचा 'र'!" म्हणून ते स्वतःच हसत. अर्थ कळत नसे, पण पेटी बरोबर फळीवर जाई.

लढाऊ जहाज म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे तोफा नि क्षेपणास्त्रे येतात. अण्णांच्या डोळ्यांपुढे वाट येई. गॅस टर्बाइन बिघडले तर त्याची मोठी दुरुस्ती जहाजाच्या पोटात करीत नाहीत. अख्खे यंत्र उचलून दुसरे बसवतात. ते बाहेर कुठून यायचे, हे नकाशा काढतानाच ठरवावे लागते. ज्याने ही वाट राखली तो खरा कारागीर, असे अण्णांचे मत. (आमच्या नव्या फ्लॅटच्या दारातून आईचे कपाट आत जाईना, तेव्हा बिल्डरच्या नावाने त्यांनी हेच व्याख्यान दिले.)

१९९१ साली सोव्हिएत संघ विस्कटला. निकोलायेव्ह युक्रेनमध्ये गेले, पोती जॉर्जियात. जहाज तेच, पण त्याचे माहेर तीन-चार देशांत वाटले गेले. सुटे भाग मिळणे दुरापास्त झाले. माझगाव गोदीतली 'दिल्ली' त्याच वर्षी फेब्रुवारीत पाण्यात उतरली होती. ती नौदलात दाखल व्हायला नोव्हेंबर १९९७ उजाडला. त्या काळात अण्णा जेवताना गप्प असत. एकदा मात्र म्हणाले, "कागदावर जहाज उभे आहे. फळी रिकामी आहे."

माझगावातच बांधलेली 'विशाखापट्टणम' २०२१ साली नौदलात आली. लांबी १६३ मीटर, वजन ७४०० टन. शत्रूच्या रडारचा झोत आल्या वाटेने परत जाऊ नये म्हणून तिच्या भिंती तिरप्या ठेवल्या आहेत. पोलाद आपले, ब्राह्मोस भारत-रशियाचे, पण चार टर्बाइने युक्रेनी घडणीची. कारखाना त्याच निकोलायेव्हात, ज्याला आता मिकोलाइव्ह म्हणतात. २०२२ साली त्या शहरावर बाँब पडू लागले. अण्णा असते तर पहिला प्रश्न फळीचाच विचारला असता.

पण 'राजपूत'चा निरोप त्यांनी पाहिला. २१ मे २०२१, विशाखापट्टणमला, सूर्यास्ताबरोबर ध्वज उतरला. मी बातमी वाचून दाखवली. एक्केचाळीस वर्षांची सेवा वगैरे वाचताना माझाच आवाज जरा भरून आला. अण्णा आरामखुर्चीत डोळे मिटून होते.

"तिच्या बहिणी आहेत ना रे अजून?"

"आहेत."

"मग हिचे चांगले भाग काढून ठेवले असतील. नीट तेल लावून, चिठ्ठ्या बांधून." थोडे थांबून म्हणाले, "विचार कोणाला तरी."

मी कोणाला विचारणार! तरी "विचारतो" म्हणालो.