कपाटातील कॅसेटी

बंगळूरची चामराजपेट ही १८९२ मध्ये वसवलेली जुनी वस्ती. कन्नड साहित्य परिषदेची इमारत येथेच आहे. रामनवमीत फोर्ट हायस्कूलच्या पटांगणातील संगीत ऐकायला सारे शहर येथे लोटते. अशा पेठेत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या एका मराठी घरात कपाटभर व्हीएचएस कॅसेटी होत्या. त्यांपैकी एक लेकीच्या लग्नाची, १९९४ मधली. तीत वडिलांनी स्वतः मंगलाष्टके म्हटली होती. वडील आता नाहीत, आणि त्यांचा आवाज दुसरीकडे कुठेही नाही.

घरातला व्हीसीआर अजून चालत होता, हे नशीबच. जगातील अखेरच्या उत्पादकांपैकी फुनाई या जपानी कंपनीनेही २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणे थांबवले. तेव्हा कॅसेटी संगणकावर घेण्याचे काम पुढे ढकलण्यात अर्थ नव्हता.

मुलाने जाहिरात पाहून एक सॉफ्टवेअर उतरवून घेतले. ‘एका क्लिकमध्ये सर्व काही’ असे त्यात म्हटले होते. पैसे भरेपर्यंत ते प्रत्येक चित्राच्या मधोमध स्वतःचे नाव उमटवीत असे! शिवाय कॅसेट वाचणे त्याचे कामच नव्हते. अशी सॉफ्टवेअरे संगणकात आधीच असलेल्या फाइलचे रूप तेवढे बदलतात. व्हीसीआरची पिवळी, पांढरी आणि लाल पिन जोडायला कॅप्चरचे छोटे यंत्र वेगळे लागते, हे सुनेने शोधून काढले. रूप बदलायला हँडब्रेक किंवा व्हीएलसी ही फुकट मिळणारी सॉफ्टवेअरे घरच्या कामाला पुरेशी आहेत. विकतचे घेण्याचे कारण क्वचितच पडते.

खरा वाद पुढे झाला. मुलाला फोनवर पाठवता येईल एवढी लहान फाइल हवी होती. सून म्हणाली, “आधी मोठी ठेवू या. मोठीची लहान केव्हाही होते, लहानाची मोठी होत नाही.” डीव्ही स्वरूपात तासाला सुमारे १३ जीबी जागा लागते. तीच फाइल एच. २६४ पद्धतीने एमपी४ केली, तर एखाद्या जीबीत मावते. भारतातील कॅसेट पाल पद्धतीची, म्हणजे सेकंदाला २५ फ्रेम आणि चित्राच्या ५७६ ओळी. हे आकडे तसेच राहू द्यावेत. चित्र ताणून ‘एचडी’ केले, तरी कॅसेटीत नसलेले त्यात कोठून येणार? हलत्या हातांभोवती कंगव्यासारख्या रेघा दिसल्या, तर ‘डीइंटरलेस’ निवडावे. त्या जातात.

पहिल्या प्रयत्नात लग्न उतरले, पण वडिलांचे ओठ आधी हलत आणि शब्द मागून येत. सासूबाई म्हणाल्या, “अगं, चित्र कसंही असू दे. ह्यांचा आवाज नीट घे.”

कॅप्चर होताना संगणकाने मधल्या फ्रेम गाळल्या होत्या. बाकीचे सर्व प्रोग्रॅम बंद करून, कॅसेट पुन्हा पहिल्यापासून लावून सुनेने ती घेतली. या खेपेस शब्द ओठांवर आले. दोन प्रती वेगवेगळ्या डिस्कवर ठेवल्या; एक लेकीकडे गेली.

मुंजीच्या कॅसेटीवर मात्र पांढरी बुरशी दिसली. ती व्हीसीआरमध्ये घातली, तर बुरशी आतल्या हेडला लागून इतर कॅसेटीही बिघडतात. म्हणून सुनेने ती पिशवीत बांधून वेगळी ठेवली आहे. साफ करून देणारा जाणकार भेटेपर्यंत ती लावायची नाही, असे सासूबाईंनी मुलाला बजावले आहे.