लिंक उघडते कुठे?

आज मोबाईलमधल्या एका छोट्या सेटिंगबद्दल लिहितेय. ते इतकं आत दडलेलं असतं की बहुतेकांनी पाहिलेलंच नसतं.

व्हॉट्सॲपवर निळी लिंक येते, आपण बोट लावतो, पान उघडतं. पण ते उघडतं कुठे? फोनमध्ये जो मुख्य ब्राउझर ठरलेला असतो त्यात, आणि तेही तुमच्या नावानिशी! त्या ब्राउझरमध्ये तुम्ही एखाद्या साइटवर आधी लॉगिन केलेलं असेल, तर ती साइट तुम्हाला लगेच ओळखते. पानाचा पत्ता हिस्टरीत जमा होतो. पुढे कोणी दोन अक्षरं टाइप केली, की ब्राउझर इमानदारीने तोच पत्ता समोर धरतो.

फोन एकट्याचा असेल तर ठीक आहे. पण आपल्या मुलांच्या घरी फोन एकट्याचा असतो कुठे? दिवसभर तो बाबांसोबत कामावर, संध्याकाळी अभ्यासाला, रात्री आई माहेरी बोलणार. सातवीच्या मुलींना वाचायला म्हणून मी पालकांच्या ग्रुपवर पाळीविषयीच्या एका चांगल्या पानाची लिंक दिली होती. दुसऱ्या दिवशी एक जण हळूच म्हणाली, "बाई, मी नाही उघडली. फोन दादाचा आहे, त्याला दिसेल." लिंक सगळ्यांनाच आली होती, त्याचं तिला काही नव्हतं. आपण ती उघडून वाचली, हे दिसायला नको होतं. बारा वर्षांच्या मुलीला एवढी आडोशाची जागा मिळायला हवी, असं माझं स्पष्ट मत आहे.

ही जागा म्हणजे प्रायव्हेट टॅब. क्रोममध्ये त्याला इन्कॉग्निटो म्हणतात. हा टॅब कोरी पाटी घेऊन सुरू होतो. आधीचं लॉगिन नाही, आधीच्या कुकी नाहीत. सगळे प्रायव्हेट टॅब बंद केले की त्यातली हिस्टरी आणि कुकी पुसल्या जातात. 'सगळे' हा शब्द महत्त्वाचा. एक जरी उघडा राहिला, तरी पुढचा माणूस फोन हातात घेऊन तो पाहू शकतो.

अडचण अशी की दुसऱ्या ॲपमधून आलेली लिंक सहसा साध्या टॅबमध्येच उघडते. अँड्रॉइडवरच्या फायरफॉक्समध्ये, सेटिंगमधल्या प्रायव्हेट ब्राउझिंगच्या भागात, बाहेरून आलेल्या लिंक प्रायव्हेट टॅबमध्ये उघडण्याचं बटण आहे. ते चालू करा आणि फायरफॉक्सला मुख्य ब्राउझर करा, झालं. आयफोनवरच्या क्रोममध्ये, अशी लिंक इन्कॉग्निटोत उघडायची का, हे दरवेळी विचारून घेण्याची सोय आहे. आणि फोन दादाचा असेल, सेटिंगला हात लावायचा नसेल, तर लिंक कॉपी करायची, प्रायव्हेट टॅब उघडायचा, तिथे पेस्ट करायची. मुलींना मी हाच मार्ग दाखवला. यूट्यूबची लिंक मात्र बहुधा थेट यूट्यूबच्या ॲपमध्ये जाते, तिथे ब्राउझरचं सेटिंग चालत नाही.

आता याची मर्यादाही सांगते, कारण 'प्रायव्हेट' हे नाव जरा फसवं आहे. ही आड आहे ती त्याच फोनवर येणाऱ्या पुढच्या हातापासून. शाळेचं वायफाय, इंटरनेट देणारी कंपनी, ती साइट स्वतः, यांच्यापासून नव्हे. अमेरिकेत २०२० साली याच गैरसमजावरून गूगलवर खटला झाला. २०२४ च्या तडजोडीत कंपनीने जमवलेल्या कोट्यवधी नोंदी पुसायचं आणि इन्कॉग्निटोबद्दलची सूचना अधिक स्पष्ट करायचं कबूल केलं. डाउनलोड केलेली फाइलही पुसली जात नाही, फोनमध्येच राहते. आणि "आज रात्री वीज तोडली जाईल" अशा मेसेजमधली लिंक प्रायव्हेटमध्ये उघडून तुम्ही स्वतःच पिन टाइप केला, तर कोणताही टॅब तुम्हाला वाचवणार नाही. पैसे गेले तर ताबडतोब १९३० ला फोन करा.

शिक्षकांसाठी एक खास सूचना. वरून आलेला फॉर्म भरला की स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकावा लागतो, हे तुम्हाला ठाऊकच आहे. अँड्रॉइडवर इन्कॉग्निटोत स्क्रीनशॉट निघत नाही! फायरफॉक्समध्ये त्याची परवानगी वेगळी द्यावी लागते. शिवाय लॉगिन मागणारे फॉर्म दरवेळी नव्याने पासवर्ड मागतात. तेव्हा असली कामं साध्या टॅबमध्येच उरका.

हे सगळं पालक सभेत सांगितलं तेव्हा एका आईने विचारलं, "बाई, मग मुलं काय बघतात ते आम्हाला कळणार कसं?" प्रश्न रास्त आहे. लहान मुलाचं खातं गूगलच्या फॅमिली लिंकवर असेल, तर त्याला क्रोममध्ये इन्कॉग्निटो मिळतच नाही, हे मी त्यांना सांगितलं. सातवी-आठवीच्या मुलांचं काय करायचं, यावर सभेत अर्धा तास वाद झाला. एक वडील म्हणाले, सरळ बंद करा. शेजारच्या काकू म्हणाल्या, "बंद केलं तर ती मैत्रिणीच्या फोनवर बघेल, मग आपल्याला विचारायलासुद्धा येणार नाही." मी काकूंच्या बाजूने होते. सभा मात्र चहावर संपली.