आधी विचारायला हवे होते

गेल्या फेब्रुवारीतील एका शुक्रवारी दुपारी मुलाच्या शाळेतून फोन आला. उपमुख्याध्यापिका सराईत, शांत स्वरात बोलत होत्या. आमच्या तेरा वर्षांच्या मुलाने मधल्या सुटीत दुसऱ्या मुलाला ढकलून पाडले होते. सोमवारपासून तीन दिवस त्याचे निलंबन करण्यात आले होते. त्या पाच मिनिटांत आम्ही उभयतांनी तीनदा माफी मागितली. नेमके काय घडले, कोणी पाहिले, हे मात्र एकदाही विचारले नाही.

त्या संध्याकाळी मुलगा जेवला नाही. रात्री उशिरा म्हणाला, "तुम्ही त्यांना सॉरी म्हणालात. काय झालं ते मला विचारलंत का?"

आम्ही खजील झालो. त्या मुलाने याची बॅग हिसकावून कचऱ्याच्या डब्यात टाकली होती. ती काढून घेताना झटापट झाली. "हो, मी ढकललं," असे त्याने कबूलही केले. पण कार्यालयात त्याला नेले, तेव्हा निलंबनाचा कागद आधीच भरून तयार होता. त्याची बाजू शाळेने ऐकली नव्हती, आणि आम्हीही ऐकली नव्हती.

ही सवय आमच्यात कोठून आली, हे आम्हांला ठाऊक आहे. १९७२च्या दुष्काळात आमच्यापैकी एकाचे वडील शाळा बुडवून आईबरोबर खडी फोडायला जात. परत गेले तेव्हा पटावरून त्यांचे नाव कमी झालेले होते. मुलगा का आला नाही, हे कोणी विचारले नव्हते. आजी वर्गाच्या दाराबाहेर हात जोडून उभी राहिली. तिला दुसरा मार्गच नव्हता. आमच्या हाती मात्र पदव्युत्तर पदवी आहे, भाषा आहे. तरीही फोन येताच आमचे हात आपोआप जोडले गेले. शिवाय व्हिसावर राहणाऱ्या माणसाला कोणत्याही कार्यालयाशी वाद नको असतो.

रविवारी विहारात वंदनेनंतर ही गोष्ट एका ज्येष्ठ ताईंच्या कानावर घातली. त्यांची मुले इथेच शिकून मोठी झाली आहेत. त्यांनी दोनच प्रश्न विचारले: "लेखी नोटीस आली का? निलंबनाआधी लेकराशी कोणी बोललं का?" व्हिसाच्या कागदातील ओळन् ओळ तपासणारे आम्ही, शाळेच्या नियमपुस्तिकेवर मात्र दर ऑगस्टमध्ये न वाचता सही करत आलो होतो. त्या रात्री ती प्रथमच वाचली.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७५ साली 'गॉस विरुद्ध लोपेझ' या खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला. ओहायोतील कोलंबस शहरात विद्यार्थ्यांना सुनावणीविना दहा दिवसांपर्यंत निलंबित केले होते. त्यांपैकी डवाइट लोपेझचे म्हणणे होते, की जेवणघरातील गोंधळात आपण केवळ बघे होतो. न्यायालयाने सांगितले, की सरकारी शाळेतील शिक्षण हा विद्यार्थ्याचा हक्क आहे; अल्प मुदतीच्या निलंबनातही आरोप काय, हे त्याला सांगावे, तो नाकारत असेल तर पुरावा काय तो दाखवावा आणि त्याची बाजू ऐकावी. तातडीचा धोका असेल तरच हे नंतर करता येते. खासगी शाळांना हा निकाल लागू नाही.

आम्ही राहतो त्या कॅलिफोर्नियात एका वेळचे निलंबन सलग पाच शालेय दिवसांहून अधिक असू शकत नाही आणि पालकांना लेखी सूचना द्यावी लागते. शाळेतून काढून टाकण्याचा प्रस्ताव असेल, तर सुनावणीची सूचना किमान दहा दिवस आधी मिळते, वकील नेता येतो आणि निर्णयानंतर तीस दिवसांत काउंटीच्या शिक्षण मंडळाकडे अपील करता येते. शाळेच्या दप्तरातील मुलाच्या नोंदी पाहण्याचा आणि चुकीची नोंद दुरुस्त करून मागण्याचा हक्क १९७४च्या संघीय कायद्याने पालकांना दिला आहे.

गैरहजेरीचेही तसेच. सबळ कारणाविना वर्षातील तीन पूर्ण दिवस बुडाले, की इथे मूल कायद्याने 'ट्रुअंट' ठरते. दसऱ्याला दीक्षाभूमीवर जाणाऱ्या कुटुंबांनी हे लक्षात ठेवावे. धार्मिक सणासाठी पालकांनी लेखी विनंती केल्यास रजा ग्राह्य धरण्याची तरतूद आहे. लांबच्या प्रवासाविषयी मात्र शाळेशी आधीच बोलावे.

सोमवारी सकाळी आम्ही मुलासह मुख्याध्यापकांना भेटलो. आवाज चढवला नाही; मुलाने ढकलले हेही नाकारले नाही. फक्त त्याला बोलू द्या, एवढेच म्हणालो. तो अडखळत बोलला. बॅग टाकताना पाहिलेल्या शिक्षिकेला बोलावण्यात आले. उरलेले दोन दिवस रद्द झाले आणि नोंदीतील 'हल्ला' या शब्दाच्या जागी 'झटापट' आली. एका दिवसाचे निलंबन कायम राहिले. ते आम्ही मान्य केले. मुलानेही केले, कारण त्याचे म्हणणे ऐकले गेले होते.

संविधानाच्या मसुद्यातून 'ड्यू प्रोसेस' हे शब्द वगळले गेले, तेव्हा त्याची उणीव काही अंशी भरून काढण्यासाठी बाबासाहेबांनी सप्टेंबर १९४९मध्ये संविधान सभेत नवे कलम मांडले. तेच आजचे कलम २२. अटकेचे कारण सांगा, वकिलाचा सल्ला घेऊ द्या, चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यासमोर उभे करा, असे ते कलम सांगते. शाळेचे कार्यालय म्हणजे पोलीस ठाणे नव्हे. पण शिक्षेआधी कारण सांगावे, हे तत्त्व एकच आहे. दर चौदा एप्रिलला संविधानावर भाषणे करणाऱ्या आम्हांला ते स्वतःच्या घरात आठवले नव्हते.

आपल्यापैकी कोणाला असा फोन आला, तर माफी जरूर मागा. चूक असेल तर मागायलाच हवी. पण आधी आपल्या लेकराला विचारा.

जय भीम.