दृष्टीचा दाखला

मुख्याध्यापकाच्या आयुष्यात लेखनाचा योग क्वचित येतो. स्वाक्षरीचा मात्र रोज येतो. शाळा सोडल्याचा दाखला, वर्तणुकीचा दाखला, जन्मतारखेचा दाखला, बसच्या सवलतीसाठी दाखला, शिष्यवृत्तीसाठी दाखला! आजवर आम्ही अशा किती कागदांवर सह्या केल्या असतील, त्याची मोजदाद करणे आता आमच्याही हाती राहिलेले नाही. शाळेचा शिपाई कागद पुढे सरकवितो, आम्ही लेखणी उचलतो, आणि कुणा एका मुलाविषयी सरकारदरबारी काही एक सत्य म्हणून प्रस्थापित होते. या व्यवहाराची इतकी सवय जडते की, आपण नेमके काय केले याचा विचार मनाला सहसा शिवत नाही.

तो करू लागलो की जुने न्यायशास्त्र आठवते. गौतमांच्या न्यायसूत्रांत प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशी चार प्रमाणे सांगितली आहेत. दाखला हा यांतील शेवटच्या प्रमाणात मोडतो. वाचणाऱ्याने वस्तू पाहिलेली नसते. पाहणाऱ्याच्या शब्दावर तो विसंबतो. म्हणूनच शब्द हा आप्ताचा असला पाहिजे, अशी अट शास्त्रकारांनी घातली. येथे आप्त म्हणजे नातलग नव्हे. ज्याने गोष्ट यथार्थ जाणली आणि जशी जाणली तशीच सांगितली, तो आप्त. तात्पर्य, प्रत्येक दाखल्याच्या मुळाशी कुणाचे तरी प्रत्यक्ष असावे लागते. ते नसेल तर उरते ती शाई आणि शिक्का.

हे सारे आठवण्यास निमित्त झाला एक अगदी रुक्ष सरकारी कागद: मालमोटार चालविणाऱ्यास लागणारा वैद्यकीय दाखला. आमच्या हैदराबादच्या बोलीत मालमोटारीला ‘लारी’ म्हणतात, आणि लारीवाल्यांचा हा कागद ‘मेडिकल’ या एका शब्दाने ओळखला जातो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याखाली १९८९ चे केंद्रीय नियम झाले. त्यांना जोडलेल्या नमुन्यांपैकी दोन येथे महत्त्वाचे. नमुना १ मध्ये अर्जदार स्वतःविषयी प्रतिज्ञेवर सांगतो: फेफरे, अकस्मात भोवळ वा शुद्ध हरपणे असा विकार आपणास आहे काय, आणि ज्यामुळे आपले वाहन चालविणे लोकांना धोक्याचे ठरेल असा दुसरा काही आजार आहे काय. नमुना १-अ मध्ये नोंदणीकृत डॉक्टर सांगतात: दृष्टीत दोष आहे काय, असल्यास तो चष्म्याने दूर होतो काय, लख्ख उजेडात पंचवीस मीटरांवरची मोटारीच्या क्रमांकाची पाटी वाचता येते काय, रातांधळेपणा आहे काय, भोंगा ऐकू येतो काय, हातापायांत काही वैगुण्य आहे काय. रंगांधळेपणाचा प्रश्न पूर्वी सरसकट आड येत असे. २०२० च्या जूनमधील दुरुस्तीने सौम्य व मध्यम रंगांधत्व असणाऱ्यांना परवान्याची वाट मोकळी झाली. आणि शेवटी डॉक्टर लिहून देतात की, अर्जदारास आपण जातीने तपासले असून त्याची दूरदृष्टी, श्रवणशक्ती आणि हातापायांचे सांधे यांकडे विशेष लक्ष पुरविले आहे. मजकूर कसा निर्दोष आहे पाहा! प्रत्यक्ष प्रमाणाची ग्वाही त्यात स्पष्ट शब्दांत दिलेली आहे.

आता एका माणसाची हकीकत सांगतो. आमच्या शाळेतील एका विद्यार्थिनीचे वडील लारी चालवितात. मूळचे उदगीरकडचे, हैदराबादेत येऊन त्यांना वीसएक वर्षे झाली. सोलापूर, उमरगा, जहीराबाद या मार्गाने त्यांच्या खेपा चालतात. पुण्याहून निघून थेट मच्छलीपट्टणच्या समुद्राकडे जाणारा हा ६५ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग. आपल्यापैकी किती घरांचे सोयरसंबंध या रस्त्याच्या दोन्ही टोकांना विखुरलेले आहेत, ते वाचकांना सांगावयास नको. सोलापूर ते हैदराबाद हे अंतर सुमारे तीनशे किलोमीटरांचे, आणि शहरात दिवसा अवजड वाहनांना मज्जाव असल्याने त्यातील बराचसा प्रवास रात्रीचा.

२०२२ च्या हिवाळ्यात त्यांच्या परवान्याचे नूतनीकरण झाले. व्यावसायिक परवान्याची मुदत पूर्वी तीन वर्षांची होती. २०१९ च्या दुरुस्तीने ती पाच वर्षांची झाली. म्हणजे पाच वर्षांतून एकदा या माणसाच्या देहाकडे कुणीतरी जाणत्याने पाहावे, अशी कायद्याची अपेक्षा. ती कशी पार पडली, हे त्यांनीच पुढे आम्हांस सांगितले. एका मध्यस्थाने पैसे घेतले, छायाचित्रे घेतली, आणि सायंकाळी सही-शिक्क्यानिशी कागद हाती ठेवला.

“सर, खरं सांगू का? डॉक्टरांनी मला पाहिलं नाही, आन् मी डॉक्टरांना पाहिलं नाही. कागद गेला आन् कागद आला.”

पुढे जानेवारी २०२३ मध्ये तेलंगण शासनाच्या ‘कंटि वेलुगु’ या नेत्रतपासणी योजनेचा दुसरा टप्पा सुरू झाला. कंटि वेलुगु म्हणजे डोळ्यांचा उजेड. वस्तीवस्तीत शिबिरे भरली. तपासणी विनामूल्य, चष्माही विनामूल्य. आमच्या शाळेजवळच्या शिबिराची सूचना आम्ही मुलांकरवी घरोघर पाठविली होती. या मुलीने वडिलांचा हात धरून त्यांना तेथे आणले, असे म्हटले तरी चालेल. तपासणीत निघाले ते असे: डाव्या डोळ्याला दूरचा नंबर, उजव्या डोळ्यात मोतीबिंदू धरलेला, आणि पुढच्या चौकशीत रक्तातील साखरही वाढलेली. घरातील कपाटात मात्र ‘दृष्टीत दोष नाही’ असा दाखला सुखरूप होता, आणि त्याची मुदत अजून साडेचार वर्षांहून अधिक उरली होती.

आम्ही त्यांना विचारले, “अहो, रात्री त्रास होत नव्हता का?” त्यावर ते म्हणाले, “होत होता की. समोरच्या गाडीचे दिवे फुटून पसरल्यागत दिसायचे. मला वाटायचं, हल्ली लोक दिवेच तसले लावतात.”

या उत्तराने आम्ही अंतर्मुख झालो. ते खोटे बोलत नव्हते. अंधुक पाहणाऱ्यास आपण अंधुक पाहतो हे कळत नाही. जगच अंधुक झाले असे त्यास वाटते. वर्गात हे आम्ही नित्य पाहतो. एखादे पोर फळ्यावरचे चुकीचे उतरवून घेते, मागल्या बाकावर बसून शेजाऱ्याच्या वहीत डोकावते, आणि शिक्षकांच्या लेखी ढ ठरते. पुढे कधीतरी त्यास चष्मा लागतो, आणि सहामाहीत नापास झालेले पोर वार्षिक परीक्षेत वर येते. तोवर त्याने तक्रार केलेली नसते, कारण सर्वांना फळा असाच दिसत असणार अशी त्याची समजूत असते. ज्याला स्वतःचे वैगुण्य कळू शकत नाही, त्याच्यासाठीच तर दुसऱ्याचे डोळे हवेत. वैद्यकीय दाखल्याचे प्रयोजन ते हेच.

मग इतकी मोलाची तपासणी सर्वांनी मिळून टाळावी, हे कसे? मध्यस्थास पैसे मिळतात, सही करणाऱ्याचा वेळ वाचतो, हे उघडच आहे. परंतु ज्याच्या भल्यासाठी ती आहे, तोही ती टाळू पाहतो. आमच्या या पालकांनी त्याचेही कारण लपविले नाही: “तपासणीत काही निघालं आन् लायसन अडकलं, तर घरातली पाच तोंडं काय खातील?” कायद्याच्या सोळाव्या कलमान्वये आजार वा अपंगत्वामुळे चालक अयोग्य झाला असे मानण्यास आधार असेल, तर परवाना केव्हाही रद्द करता येतो; सतराव्या कलमान्वये त्याविरुद्ध तीस दिवसांत अपील करता येते. अपिलाची तरतूद आहे, भाकरीची नाही. ज्या तपासणीच्या एका बाजूस उपासमार उभी आहे, तिला माणूस आपखुशीने सामोरा जाईल अशी आशा कोणत्या तोंडाने करावी?

बरे, खरोखरीच तपासणी झाली तरी ती किती पुरेशी, याचेही त्रैराशिक मांडून पाहावे. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर जाते. म्हणजे पंचवीस मीटर हे अंतर दीड सेकंदाचे. पाय ब्रेकवर जाईपर्यंतच त्यातील बराच भाग सरतो, आणि मालाने भरलेली लारी तेवढ्यात उभी राहत नाही. शिवाय ही परीक्षा लख्ख उजेडातली. लारीवाल्याचे आयुष्य जाते अंधारात. साखर, रक्तदाब, झोप यांसाठी डॉक्टरांच्या नमुन्यात स्वतंत्र रकाना नाही. झोपेचे तर बोलूच नये. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ तासांची मर्यादा घातली खरी. पण तो लागू होता पाच वा अधिक कामगार असलेल्या संस्थांना. एकदोन गाड्यांचा मालक आणि त्याचा चालक त्यातून बाहेरच राहिले, आणि आपल्याकडील मालवाहतुकीचा मोठा भार तर अशाच लहान मालकांवर आहे.

इतर देशांत काय करतात? अमेरिकेत असा दाखला अधिकात अधिक दोन वर्षे चालतो, आणि २०१४ पासून तो देण्याचा अधिकार प्रशिक्षण व परीक्षा होऊन राष्ट्रीय सूचीत नाव दाखल झालेल्या वैद्यकांनाच आहे. ब्रिटनमध्ये पंचेचाळिशीनंतर दर पाच वर्षांनी आणि पासष्टीनंतर दरवर्षी लारीचालकाची तपासणी होते. तेथे सारे आलबेल आहे असे नव्हे. तथापि तपासणाराही कोणास तरी जबाबदार असावा, हे तत्त्व घेण्याजोगे आहे.

आपल्या शहराला लारीवाल्यांची आठवण एकदा चांगलीच झाली होती. नव्या भारतीय न्याय संहितेत अपघातानंतर खबर न देता पळून जाणाऱ्या चालकास दहा वर्षांपर्यंत कैदेची तरतूद झाली. तिच्या निषेधार्थ २०२४ च्या जानेवारीच्या आरंभी चालकांनी संप पुकारला. टँकर थांबले, आणि २ जानेवारीस हैदराबादेतील पेट्रोल पंपांवर दूरवर रांगा लागल्या. खाद्यपदार्थ पोहोचविणारा एक तरुण तर चक्क घोड्यावर बसून निघाला, आणि त्याचे चित्र देशभर गाजले. १ जुलै २०२४ रोजी संहिता लागू झाली तेव्हा ते पोटकलम बाजूस ठेवण्यात आले. शिक्षा किती असावी यावर त्या दिवसांत पुष्कळ चर्चा झाली. अपघातापूर्वी त्या चालकाचे डोळे कोणी तपासले होते काय, हा प्रश्न मात्र आमच्या तरी वाचनात कोठे आला नाही. शासन कठोर असावे की सौम्य, हा वाद विद्वानांनी करावा. आमच्यासारख्या शाळामास्तरास इतकेच कळते की, परीक्षेनंतरच्या छडीपेक्षा परीक्षेपूर्वीची शिकवणी अधिक उपयोगी पडते.

आपल्या समाजात डॉक्टर आहेत, व्यापारी आहेत, गाड्यांचे मालकही आहेत. डॉक्टरांना आमची विनंती एवढीच, की नमुना १-अ समोर आला तर माणूसही समोर बोलवावा. पंधरा मिनिटे लागतील. भिंतीवर अक्षरांचा तक्ता टांगलेला असतोच. साखरेचा रकाना नमुन्यात नसला तरी बोटाचा थेंब घेण्यास कोणाची बंदी नाही. व्यापाऱ्यांना आणि मालकांना विनंती अशी, की चालकास वर्षातून एक दिवस तपासणीसाठी पगारी द्यावा, आणि दोष निघाल्यास उपचार होईतो त्यास गोदामावर वा हिशेबावर काम द्यावे. आमच्या त्या पालकांच्या बाबतीत हेच घडले. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया सरकारी रुग्णालयात झाली. मालकाने त्या दिवसांत त्यांना माल उतरवून घेण्याच्या देखरेखीवर ठेवले. मग चष्मा लावून ते पुन्हा गाडीवर गेले. रोजगार गेला नाही. भीती होती ती या एका गोष्टीची, आणि ती एका मालकाच्या समजूतदारपणाने टळली. कायद्याने अशी सोय सर्वांसाठी केली, तर खोट्या दाखल्यांचे गिऱ्हाईक आपोआप कमी होईल.

आणि वाचकहो, हा कागद केवळ लारीवाल्यांचा आहे असेही समजू नये. चाळिशी उलटलेल्या आपणा सर्वांकडून खाजगी वाहनाच्या परवान्यासाठीही हाच नमुना मागितला जातो. मराठीने तर चष्म्यालाच ‘चाळिशी’ हे नाव देऊन ठेवले आहे; वय आणि दृष्टी यांचा संबंध आपल्या पूर्वजांनी एका शब्दात सांगून टाकला. तेव्हा पुढच्या वेळी कुणी ‘तुम्ही कशाला येता, कागद घरपोच देतो’ असे म्हणाला, तर त्यास नम्रपणे नकार द्यावा आणि तक्त्यासमोर जाऊन उभे राहावे.