युक्ती नसलेला जादूगार

जादूगार रंगमंचावर बाईला हवेत तरंगवतो, तेव्हा कुठेतरी तार आहे हे सभागृहातल्या प्रत्येकाला ठाऊक असते. ती दिसत नाही, यात जादूगाराचे कसब. ती आहे, या खात्रीत प्रेक्षकाचा निवांतपणा. या खात्रीच्या बळावर माणसे तिकीट काढून फसायला जातात आणि टाळ्या वाजवून सुखाने घरी परततात. क्लाइव्ह बार्कर यांच्या 1995 सालच्या ‘लॉर्ड ऑफ इल्यूजन्स’ या चित्रपटाने ही तारच काढून घेतली. त्यातला जादूगार खरोखर तरंगतो आणि ते कोणाला कळू नये म्हणून तार असल्याचे सोंग करतो. भयपट, गुप्तहेरकथा आणि जादूचे प्रयोग यांची सांगड घालणाऱ्या या चित्रपटाचे सारे भय या एका उलटापालटीत साठलेले आहे.

बार्कर यांचा जन्म 1952 साली लिव्हरपूलमध्ये झाला. लेखक म्हणून नाव होण्यापूर्वी ते नाटके लिहीत आणि बसवत. पडदा, प्रकाश आणि प्रेक्षकाची नजर यांचे नाते त्यांना रंगभूमीने शिकवले. 1984 आणि 1985 मध्ये ‘बुक्स ऑफ ब्लड’ या नावाने त्यांच्या भयकथांचे सहा खंड निघाले. शेवटच्या खंडातल्या ‘द लास्ट इल्यूजन’ या कथेत हॅरी डामूर हा खासगी गुप्तहेर पहिल्यांदा अवतरला. कथा न्यूयॉर्कमध्ये घडते. स्वॉन नावाच्या जादूगाराने नरकातल्या शक्तींशी करार केलेला असतो, आणि त्याच्या देहाला अग्नी मिळेपर्यंत त्या शक्तींपासून राखण करण्याचे काम डामूरवर येऊन पडते. ‘हेलरेझर’ (1987) आणि ‘नाइटब्रीड’ (1990) यांच्यानंतर दिग्दर्शक म्हणून तिसऱ्या चित्रपटासाठी बार्कर यांनी हीच कथा घेतली, पण तिची जवळजवळ पुन्हा बांधणी केली. न्यूयॉर्कच्या जागी लॉस एंजेलिस आले. नरकाच्या जागी एक माणूस आला.

त्या माणसाचे नाव निक्स. चित्रपट सुरू होतो 1982 साली, मोहावे वाळवंटातल्या एका पडक्या वस्तीत. तिथे निक्स आपल्या भक्तांसमोर तळहातावर आग खेळवतो आणि एका लहान मुलीचा बळी देण्याची तयारी करतो. त्याचा जुना शिष्य स्वॉन काही सोबत्यांसह येऊन मुलीला सोडवतो. निक्सला गोळी लागते. मग स्वॉन त्याच्या चेहऱ्यावर लोखंडी मुखवटा स्क्रूंनी आवळतो आणि कोणाला सापडू नये इतक्या खोल त्याला पुरतो. वाळवंटातला असा पंथ कॅलिफोर्नियाला अनोळखी नव्हता. चार्ल्स मॅन्सनची टोळी 1969 मध्ये त्याच राज्याच्या वाळवंटी मुलखात पकडली गेली होती. सैतानाची भीती श्रद्धेवर अवलंबून असते. स्वतःला देव म्हणवणाऱ्या माणसापुढे गुडघे टेकणाऱ्यांची भीती वाटायला कोणतीही श्रद्धा लागत नाही. म्हणूनच हा बदल कथेला अधिक काळोख देतो.

तेरा वर्षांनंतर गुप्तहेरकथा सुरू होते आणि तिची सारी वळणे जुन्या अमेरिकन ‘न्वार’ चित्रपटांची आहेत. डॅशिएल हॅमेट आणि रेमंड चँडलर यांच्या कादंबऱ्यांतून आणि 1940च्या दशकातल्या चित्रपटांतून हा प्रकार घडला. चँडलरचा फिलिप मार्लो लॉस एंजेलिसमध्येच हिंडतो. खिसा हलका, बोलणे तुटक, मन मात्र शाबूत असा गुप्तहेर, श्रीमंताचा बंगला, काहीतरी लपवणारी देखणी स्त्री, आणि किरकोळ कामातून उघडत जाणारे मोठे पाप, ही त्याची ठरलेली सामग्री. स्कॉट बाकुला यांनी साकारलेला डामूर न्यूयॉर्कमधल्या एका भूतबाधेच्या प्रकरणातून नुकताच बाहेर पडला आहे. विम्याच्या फसवणुकीचे एक साधे काम घेऊन तो लॉस एंजेलिसला येतो आणि तिथे एका भविष्यवेत्त्याच्या खुनाशी त्याची गाठ पडते. मरणारा हा माणूस वाळवंटात स्वॉनबरोबर गेलेल्यांपैकी एक असतो. लवकरच स्वॉनची पत्नी डोरोथिया डामूरला आपल्या कामावर नेमते. फॅम्के यान्सन यांची ही डोरोथिया म्हणजे वाळवंटातून सोडवलेली तीच मुलगी. तिने स्वॉनशी लग्न केले ते उपकाराच्या ओझ्याखाली. न्वारच्या नायिकेचे गुपित बहुधा लोभाचे असते. डोरोथियाचे गुपित कृतज्ञतेचे आहे, आणि त्यामुळे ते अधिक जड आहे.

यानंतर जादूचा रंगमंच येतो. आधुनिक जादूच्या प्रयोगांची घडी बसवली ती मूळच्या घड्याळजी असलेल्या रोबेर-उदँ या फ्रेंच जादूगाराने; 1845 साली त्याने पॅरिसमध्ये स्वतःचे नाट्यगृह उघडले. त्याच्या नावाचे नाट्यगृह 1888 मध्ये जॉर्ज मेलिएस यांनी विकत घेतले आणि पुढे रंगमंचावरच्या युक्त्या कॅमेऱ्यात उतरवून त्यांनी चमत्कारांचा सिनेमा निर्माण केला. भारतीय चित्रपटाचा उगमही या वाटेजवळच आहे. ‘राजा हरिश्चंद्र’ (1913) काढण्यापूर्वी दादासाहेब फाळके यांनी आपले आडनाव उलटे करून ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने जादूचे प्रयोग केले होते. सिनेमा आणि जादू ही अशी सख्खी भावंडे असल्यामुळे पडद्यावर जादूगार दाखवणे वाटते त्यापेक्षा अवघड जाते. जिथे सगळेच कॅमेऱ्याची करामत असते, तिथे खरे काय आणि खोटे काय, हा फरक प्रेक्षकाच्या मनात आधी उभा करावा लागतो. बार्कर तो सुरुवातीलाच करतात. निक्सच्या हातातली आग मळकट, उदास आणि निरुपयोगी वाटते. स्वॉनचा प्रयोग मात्र दिव्यांनी, नर्तकींनी आणि संगीताने झगमगतो. खरी शक्ती भकास आहे आणि खोटेपणाला सजावट आहे, ही या चित्रपटाची दृश्यभाषा.

स्वॉनच्या प्रयोगात त्याला एका फिरत्या चौकटीला बांधलेले असते. वर टांगलेल्या तलवारी एकेक करून खाली पडतात आणि त्याआधी त्याने सुटका करून घ्यायची असते. एका रात्री तो सुटत नाही. भर सभागृहात तलवारी त्याच्या देहातून आरपार जातात. जादूच्या इतिहासात असे मरण खरोखर घडले आहे. चिनी जादूगाराचे सोंग वर्षानुवर्षे वठवणारा चुंग लिंग सू, मूळचा विल्यम रॉबिन्सन हा अमेरिकन, 23 मार्च 1918 रोजी लंडनच्या वुड ग्रीन एम्पायर नाट्यगृहात बंदुकीची गोळी झेलण्याचा प्रयोग करताना जखमी झाला आणि दुसऱ्या दिवशी वारला. तिथे युक्ती फसली आणि मरण खरे निघाले. स्वॉनच्या बाबतीत मरण हीच युक्ती निघते.

हे कोडे सोडवण्यासाठी डामूर हॉलिवूडमधल्या ‘मॅजिक कॅसल’मध्ये पोचतो. 1963 मध्ये उघडलेली ही वास्तू म्हणजे जादूगारांचा क्लब. गुप्तहेर आणि जादूगार यांचे धंदे एकमेकांच्या उलट्या दिशेचे: एक दडवतो, दुसरा उकलतो. कोणत्याही रहस्यकथेत उकल म्हणजे दिलासा असतो. अशक्य वाटणाऱ्या घटनेमागे एक दोरी, एक चोरदार, एक खोटी साक्ष सापडते आणि जग पुन्हा जागेवर येते. डामूर स्वॉनच्या प्रयोगांमागची युक्ती शोधत जातो आणि युक्ती नव्हतीच, ही त्याला मिळालेली उकल ठरते. स्वॉनची शक्ती निक्सकडून आलेली आहे. त्याने देव होण्याऐवजी करमणूक करणारा होणे पसंत केले, चमत्काराला हातचलाखीचे कपडे चढवले आणि त्यावर कीर्ती व पैसा मिळवला. केविन ओ’कॉनर यांनी हा माणूस भेदरलेला आणि थकलेला रंगवला आहे. त्याचा भित्रेपणा स्पष्ट दिसतो, पण त्या भित्रेपणातच त्याची माणुसकीही शिल्लक आहे. निक्सने त्याच शक्तीच्या जोरावर माणसे मारली. स्वॉनने टाळ्या घेतल्या.

शेवटी निक्सला उकरून काढले जाते. त्याचे भक्त आपापली कुटुंबे संपवून त्याच्याकडे परततात, गुडघे टेकतात आणि पायाखालची जमीन चिखल होऊन त्यांना गिळते. त्याला हवा असतो फक्त स्वॉन, कारण शिष्यांत तेवढाच आपल्या तोडीचा, असे तो मानतो. डॅनियल फॉन बार्गन यांचा निक्स आरडाओरडा करत नाही. भक्तांचा त्याला आलेला कंटाळाच जास्त थरकाप उडवतो. स्वॉन त्याच्या हातून मरतो. निक्सचा अंत होतो तो डोरोथियाच्या गोळीने आणि डामूरच्या चिवटपणाने. या दोघांपाशी कोणतीही जादू नाही.

चित्रपटात उणिवा आहेत. संगणकावर तयार केलेली काही दृश्ये आज कच्ची दिसतात, आणि गुप्तहेरकथेचा संथ तपास व भयपटाचा रक्तपात यांचे सांधे अधूनमधून जाणवतात. चित्रपटगृहांत 109 मिनिटांची आवृत्ती दाखवली गेली. पुढे दिग्दर्शकाची 121 मिनिटांची आवृत्ती बाहेर आली. कापलेल्या भागात तपासाचा आणि पात्रांचा बराच अवकाश होता, त्यामुळे छोट्या आवृत्तीत भय उरते आणि न्वार विरळ होतो. बार्कर यांनी त्यानंतर पूर्ण लांबीचा चित्रपट दिग्दर्शित केलेला नाही. तरीही जादूगाराची कला, गुप्तहेराची निष्ठा आणि भयकथेचा काळोख या तिन्हींना सारखाच मान देणारे चित्रपट फार थोडे आहेत, आणि ‘लॉर्ड ऑफ इल्यूजन्स’ त्यांत वरच्या जागेवर बसतो. रसिकांनी तो जरूर पाहावा, आणि पाहताना 121 मिनिटांचीच आवृत्ती निवडावी.