माडासारखे दिसणारे झाड

कोकणच्या किनाऱ्यावर वाढलेल्या बेने इस्राएल माणसाला माड, पोफळ, ताड आणि शिंदी ओळखायला कोणी शिकवावे लागत नाही. रेवदंडा-अलिबागच्या वाड्यांतून हिंडता हिंडताच ती ओळख होते. येथे अश्दोद-अश्कलोनच्या किनाऱ्यावर खजुरीशीही आपले लवकर जमले. परंतु इमारतींच्या दाराशी हौसेने लावलेले एक बुटके, माडासारखे झाड मात्र पुष्कळांस कोड्यात टाकते.

आमच्या शेजारच्या एक मावशी त्यास ठेंगणा माड म्हणत. दुसऱ्या बाईंनी त्याचे ‘सागो पाम’ हे नाव ऐकले होते. तेव्हा साबुदाणा याचाच, असा त्यांचा समज झाला. मी ते झाड बरेच दिवस न्याहाळले. खोड जाड, जुन्या देठांच्या खुंटांनी खरबरीत झालेले. पाती ताठ आणि टोकाशी सुईसारखी बोचणारी. पण खरी खूण सापडली ती कोवळ्या पानांत. खजुरीचे नवे पान मिटलेल्या तलवारीसारखे उभे वर येते. सुक्कोथला आपण हाती धरतो तो लुलाव म्हणजे असेच न उमललेले पान होय. या झाडाला मात्र नव्या पानांचा सबंध झुबका एकदम फुटतो, आणि त्यांची पाती नेच्याप्रमाणे गुंडाळलेली असतात.

तेव्हा हे ताडाच्या कुळातले झाडच नव्हे. हा सायकस, मूळचा दक्षिण जपानकडचा. त्यास फूलही नाही आणि खरे फळही नाही. नरझाडावर लांबट शंकू उभा राहतो. मादीझाडाच्या मध्यभागी तपकिरी, लवदार गड्ड्यात नारिंगी-तांबड्या बिया धरतात.

एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर त्या बियांत आहे. मुले त्या गोट्या म्हणून वेचतात, आणि त्या विषारी आहेत. पोटात गेल्यास वांत्या होतात व यकृतास इजा पोहोचते. कुत्र्यांचे तर प्राणही जातात. आपल्या लापशीचा साबुदाणा टॅपिओकाच्या कंदापासून होतो. त्याचा या झाडाशी काहीही संबंध नाही.

आयांनी व आजीबाईंनी आपल्या अंगणातील झाड एकदा जवळून पाहावे, बिया दिसल्यास हातमोजे घालून काढून टाकाव्यात. मुलाने बी खाल्ल्याचा नुसता संशय आला तरी लक्षणांची वाट न पाहता १०१ या क्रमांकावर फोन करावा, आणि एक बी डॉक्टरांस दाखविण्यासाठी सोबत न्यावी.