दात कसाघाई घासस?

मानसोपचारातल्या एमडीच्या दुसऱ्या वर्षाला होते. भुसावळच्या फलाटावरून चाइल्डलाइनच्या ताईंनी बारा-तेरा वर्षांच्या एका पोराला ओपीडीत आणलं. नाकाखालची आणि ओठांभोवतीची कातडी लाल होऊन सोलपटली होती. शर्टाची उजवी बाही मनगटाशी कडक झाली होती. पंक्चरचं सोल्युशन तो त्या बाहीवर ओतून ओढायचा. कशाला ओढतोस म्हणून विचारलं तर म्हणाला, "भूक लागत नाही मॅडम. थंडी पण नाही वाजत."

मी केसपेपरवर चार ओळी लिहिल्या, वॉर्डात भरती केलं. सकाळी राउंडला गेले तर खाट रिकामी. वरिष्ठ म्हणाले, अशी मुलं जातातच, पुढचा पेशंट घ्या. रांगेत अजून साठ-सत्तर माणसं उभी होती, मी पुढचा पेशंट घेतला.

त्या चार ओळी मला पुढे कित्येक वर्षं टोचत राहिल्या. त्यानं पहिल्यांदा सोल्युशन ओढलं तेव्हा वय काय होतं, शाळा आधी सुटली की नशा आधी लागली, वर्गात तो एका जागी बसू शकत होता का, घरात बाप पीत होता का, यातलं मी काहीच लिहिलं नव्हतं. विचारायचं असतं हेच मला कोणी शिकवलं नव्हतं. 2019 मध्ये केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालय आणि एम्स यांनी देशभराच्या पाहणीचा अहवाल काढला. हुंगायची नशा करणाऱ्यांचं प्रमाण 10 ते 17 वयाच्या मुलांमध्ये एक टक्क्याहून जास्त आणि मोठ्या माणसांमध्ये 0.58 टक्के. मोठ्यांपेक्षा मुलांमध्ये जास्त आढळलेली ती एकच नशा. तो आकडा वाचला तेव्हा मला बाही आठवली.

आमच्या शास्त्रात ही मुलं दोन खुर्च्यांच्या मधल्या फटीत पडतात. बालमानसोपचारवाला अभ्यास, हट्टीपणा, चंचलता, अंथरूण ओलं करणं हे सगळं बघतो. नशेचं नाव निघालं की म्हणतो, व्यसनमुक्तीकडे न्या. व्यसनमुक्ती केंद्रं बहुतेक मोठ्यांसाठी. पुण्याचं मुक्तांगण 1986 मध्ये सुरू झालं, सुनंदा आणि अनिल अवचटांनी उभ्या केलेल्या त्या कामानं महाराष्ट्राला व्यसनाकडे आजार म्हणून बघायला शिकवलं. पण नवऱ्याची दारू सोडवायला बायको येते ती पद्धत वेगळी, आणि मिसरूडही न फुटलेल्या पोराशी बोलायची वेगळी. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये बालमानसोपचारात डीएम करता येतं, व्यसनोपचारातही करता येतं. पण ते दोन अभ्यासक्रम आहेत. दोन्ही येणारा आणि वर संशोधनही करू शकणारा डॉक्टर आपोआप तयार होत नाही.

अमेरिकेत तो मुद्दाम घडवतात. तिथली बालमानसोपचारतज्ज्ञांची अकादमी आणि अमली पदार्थांवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था मिळून तरुण डॉक्टरांना काही वर्षं मुलांच्या व्यसनावरच्या संशोधनासाठी सांभाळतात. कामाचा साधारण तीन चतुर्थांश वेळ संशोधनाला राखलेला, पगाराची सोय, शेजारी अनुभवी मार्गदर्शक. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा त्यातल्या पैशांपेक्षा त्या राखून ठेवलेल्या वेळाचा मला हेवा वाटला. आमच्याकडे प्रबंध रात्री लिहायचा, इमर्जन्सी ड्युटीच्या मधल्या तासांत.

मी परत खानदेशात आले ते हे काम इथेच करायचं म्हणून. आता जळगावात माझ्याकडे दोन-तीन निवासी डॉक्टर आठवड्यातून एकदा येतात. त्यांना आकडेशास्त्र शिकवायच्या आधी मी गावात नेते. का, ते सांगते.

चोपडा तालुक्यातल्या एका शाळेत आम्ही प्रश्नावली घेऊन गेलो होतो. माझी विद्यार्थिनी लातूरकडची, हुशार, कामाला चोख. तिच्यासमोर चौथीतली एक मुलगी बसली. छापील प्रश्न असा: "गेल्या 30 दिवसांत तुम्ही तंबाखूजन्य पदार्थांचे सेवन केले आहे काय?" मुलीनं मान हलवली, नाही. मग साध्या मराठीत विचारलं, तंबाखू खातेस का? "नई खास." विद्यार्थिनीनं 'नाही'वर खूण केली आणि पान उलटायला लागली. मी शेजारीच सतरंजीवर बसले होते. मुलीचे पुढचे दात आणि हिरडीची कड काळपट दिसत होती. मी तिच्या अहिराणीत विचारलं, "दात कसाघाई घासस?" म्हणजे कशानं घासतेस.

"मिसरीघाई," ती लगेच म्हणाली. "मोठी माय देस."

मोठी माय म्हणजे आजी. आणि मिसरी म्हणजे तंबाखूच. तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, कुटायची, बोटावर घेऊन हिरड्यांना चोळायची. निकोटिन हिरडीतून थेट रक्तात उतरतं. एखाद्या दिवशी नाही घासलं तर काय होतं, असं विचारल्यावर ती म्हणाली, "डोकं दुखस." दहा वर्षांची पोर मला निकोटिन तुटल्याची लक्षणं सांगत होती आणि कागदावर ती निर्व्यसनी होती.

13 ते 15 वयाच्या शाळकरी मुलांची 2019 मध्ये जी जागतिक तंबाखू पाहणी झाली, तिच्या भारतातल्या निष्कर्षांत आहे की धुराविना तंबाखू वापरणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त मुलांनी सुरुवात दहाव्या वाढदिवसाआधी केली होती. म्हणजे शाळांतून सातवी-आठवीला व्यसनमुक्तीची शपथ घेतली जाते तेव्हा या मुलांच्या बाबतीत आपण उशिरा पोचलेले असतो. आणि हे कळायला मिसरी हा शब्द माहीत असावा लागतो. सातपुड्याच्या पायथ्याशी पावरा आदिवासी मुलांशी बोलताना तर अहिराणीही पुरत नाही. बंगळुरूत किंवा दिल्लीत बसून हा प्रश्न लिहिता येणार नाही.

त्याच दिवशी दुसरा पेच पडला. बाल न्याय अधिनियम 2015 चं कलम 77 सांगतं की मुलाला दारू, अमली पदार्थ किंवा तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि लाखापर्यंत दंड. विद्यार्थिनीनं परतीच्या वाटेवर जीपमध्ये विचारलं, "मॅडम, मग या आजीचं काय?" शाळेशेजारच्या टपरीवर पोरांना पुड्या विकणाऱ्यासाठी हे कलम मला मनापासून हवं आहे. पण नातीचे दात किडू नयेत म्हणून मिसरी देणारी म्हातारी? तिला आम्ही शाळेत बोलावलं. ती स्वतः सात-आठ वर्षांची असल्यापासून घासत होती, तिच्या आईनं दिली होती. तिला रागवायचं नाही, हे विद्यार्थिनीला सांगावं लागलं नाही. तिनं म्हातारीचा हात हातात घेतला आणि आधी तिच्या हिरड्या तपासल्या. संशोधक घडतो तो अशा वेळी, असं मला वाटतं.

मुलांवर संशोधन करताना फक्त आईबापांची सही पुरत नाही. आयसीएमआरची 2017 ची मार्गदर्शक तत्त्वं मुलाचाही होकार मागतात, 7 ते 12 वयात तोंडी आणि 12 ते 18 मध्ये लेखी. धुळ्याकडच्या एका पोरानं पेन हातात घेऊन विचारलं होतं, "बापाले सांगशात का?" महामार्गावरच्या ढाब्यावर तो काम करायचा, ट्रकवाल्यांबरोबर गांजा ओढायला शिकला होता. काय सांगू आणि काय सांगणार नाही, हे मी त्याला एकेक करून समजावलं. जिवाला धोका दिसला तर गप्प बसणार नाही, हेसुद्धा. त्याला अर्धा तास लागला. मग त्यानं सही केली.

सगळ्यात अवघड काम म्हणजे तेच मूल पुन्हा गाठणं. नशेमुळे पोर चंचल झालं की चंचल होतं म्हणून नशेकडे ओढलं गेलं, हे एका भेटीत कळत नाही. त्यासाठी मुलाला नशेच्या आधीपासून वर्षानुवर्षं बघत राहावं लागतं. निम्हान्सच्या डॉ. विवेक बेनेगल यांनी ब्रिटिश संशोधकांच्या जोडीनं 6 ते 23 वयाच्या सुमारे नऊ हजार जणांचा असाच अभ्यास उभा केला, इम्फाळपासून म्हैसूरपर्यंत. अमेरिकेत 2016 पासून अकरा हजारांवर मुलांचा चालू आहे. बेनेगलांच्या अभ्यासात महाराष्ट्रातलं केंद्र नव्हतं.

आमच्याकडे दिवाळी झाली की चाळीसगावकडची, धुळ्याकडची कुटुंबं ऊसतोडीला निघून जातात. पोरं बरोबर जातात. पत्ता म्हणजे कुठल्यातरी कारखान्याच्या फडावरची कोपी. आम्ही आईचा नंबर घेतो, मामाचा घेतो. मुकादमाचा घ्यायचा नाही हे एका फोननंतर शिकलो. आम्ही कशासाठी शोधतोय याचा मुकादमाला संशय आला आणि त्यानं पोराच्या बापाला सगळ्यांसमोर विचारलं. त्या कुटुंबानं आमच्याशी बोलणं बंद केलं. चूक माझी होती. आता नव्या डॉक्टरांना पहिल्याच दिवशी मी ती सांगते.

धुळ्यात सरकारी वैद्यकीय महाविद्यालय कित्येक वर्षांपासून आहे, जळगावात 2018 पासून. विद्यापीठ बहिणाबाईंच्या नावाचं आहे. पोरं इथलीच आहेत. माझं मागणं मोठं नाही. मानसोपचाराच्या निवासी डॉक्टरांपैकी एकाला आठवड्यातले दोन दिवस मुलांच्या व्यसनाच्या संशोधनासाठी ओपीडीतून मोकळं करा, आणि एमडीनंतर दोन वर्षं त्याचा पगार चालू ठेवा. शिकवायला मी येईन, मानधन नको. आणि हे वाचणारे कोणी शिक्षक असाल, तर उद्या वर्गातल्या मुलांना एकदा विचारा की ती दात कशानं घासतात.